भांडवल थोडं, हुकूम सगळा

एखाद्या मोठ्या उद्योगघराण्यात भांडण लागलं की आपल्याकडे दोन फड लगेच रंगतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये सायरस मिस्त्रींना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून काढलं तेव्हा ते रंगले. २०२४ मध्ये गोदरेज कुटुंबाने वाटणी केली तेव्हाही रंगले, आणि किर्लोस्करांचा कौटुंबिक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा तर पुण्यात चहाच्या कपागणिक रंगले. एक फड म्हणतो, घराणेशाही राजकारणात वाईट तशी धंद्यातही वाईट. बापाच्या खुर्चीत मुलगा बसला की लायकी बाहेर उभी. दुसरा फड म्हणतो, पगारी साहेब पुढच्या तिमाहीचा विचार करतो आणि मालक पुढच्या पिढीचा. पाटीवर ज्याचं नाव, त्यालाच धंद्याची खरी चाड. (तिसराही एक फड असतो. तो कुठलाही विषय ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ इथे आणून सोडतो. त्याला आज बाहेरच बसू द्या.) दोन्ही बाजूंची उदाहरणं तीच, टाळ्याही त्याच, आणि दोघांचीही नजर एकाच गोष्टीवर खिळलेली: खुर्चीतला माणूस कोणाच्या पोटी जन्मला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जन्माचा प्रश्न दुय्यम आहे. आधी विचारायचं ते हे, की धंद्यात त्या घराण्याचं स्वतःचं भांडवल किती आणि हुकूम किती चालतो. सगळं भांडवल तुमचं असेल तर सगळा हुकूमही तुमचा. मुलाला बसवा नाहीतर जावयाला, चुकलात तर पहिली झळ तुम्हालाच. पण भांडवल दहा टक्के आणि हुकूम शंभर टक्के असेल, तर उरलेल्या नव्वद टक्केवाल्यांना ‘नको’ म्हणायची सोय कुठे आहे? ही सोय असेल तर घराण्याचा मला त्रास नाही. नसेल तर परदेशातल्या नामवंत संस्थेत शिकलेला, घराण्याशी काडीचं नातं नसलेला व्यवस्थापक आणून बसवला तरी काही बदलत नाही.

आपल्या घराण्यांची नावं घेतली की माणसं ताबडतोब बाजू घेतात, म्हणून मुख्य उदाहरण मुद्दाम लांबचं घेतो. हाँगकाँगचं जार्डिन मॅथेसन. मोटारी, किराणा, हॉटेलं, इमारती, खाणी, पाम तेल; चीनपासून इंडोनेशियापर्यंत लाखो माणसं कामाला, आणि जवळपास दोनशे वर्षांनंतरही सूत्रं एकाच कुटुंबाकडे. लांबचं म्हटलं खरं, पण या पेढीच्या पायातले बरेच चिरे मुंबईहून गेलेले आहेत.

विल्यम जार्डिन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा स्कॉटिश सर्जन. ‘ब्रन्सविक’ नावाच्या जहाजावर त्याची गाठ मुंबईच्या एका तरुण पारशी व्यापाऱ्याशी पडली. त्याच फेरीत, १८०५ मध्ये, फ्रेंचांनी ते जहाज पकडलं. तो व्यापारी म्हणजे जमशेटजी जीजीभॉय. ही ओळख पुढे दोघांनाही फळली. बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. शिंदे-होळकरांच्या मुलखात, माळव्यात पिकणाऱ्या अफूवर ती नव्हती. हा माल मुंबई गाठायचा आणि तिथून चीनच्या किनाऱ्याला लागायचा. १ जुलै १८३२ रोजी जार्डिन आणि जेम्स मॅथेसन यांनी कँटनमध्ये आपली पेढी काढली, तेव्हा मुंबईकडून माल पाठवणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते. पुढे आपल्या वाट्याला जे. जे. रुग्णालय आलं, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आलं, लेडी अवाबाईंच्या पैशातून माहीमचा कॉजवे आला. चीनच्या वाट्याला काय आलं, ते इतिहासात आहे. लिन झेशू या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. जार्डिन लंडनला जाऊन परराष्ट्रमंत्री पामर्स्टनला भेटला, आरमार कसं आणि कुठे पाठवावं याचा सल्ला दिला. युद्ध झालं, १८४२ चा नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग ब्रिटिशांचं झालं, आणि पामर्स्टनने जार्डिनच्या मदतीची कृतज्ञ नोंद केली.

आता या ‘घराण्या’कडे जरा नीट पाहू. विल्यम जार्डिनने लग्न केलं नाही. मॅथेसनला मूलबाळ झालं नाही. म्हणजे बापाकडून मुलाकडे, ही परंपरा इथे पहिल्याच पायरीवर तुटली. पेढी गेली भाच्या-पुतण्यांकडे, आणि तीही सरसकट नाही; आळशी आणि उधळ्या नातेवाइकाला, तो कितीही जवळचा असो, मी हात देणार नाही, असं जार्डिनने लिहून ठेवलं होतं. आज सूत्रं ज्यांच्याकडे आहेत ते केझिक कुटुंब म्हणजे जार्डिनच्या थोरल्या बहिणीच्या नातवाचा, विल्यम केझिकचा वंश. हा पोरगा १८५५ मध्ये पूर्वेकडे आला आणि १८५९ मध्ये, जपानची बंदरं नुकतीच उघडलेली असताना, योकोहामात पेढीची शाखा काढून बसला. पुढे शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, केझिक बंधूंनी लंडनच्या बँकांना सोबत घेऊन जार्डिन घराण्याच्या बुकॅनन-जार्डिन शाखेचा हिस्सा विकत घेतला. म्हणजे आज पाटीवर ज्यांची आडनावं आहेत त्या दोन्ही नावांची माणसं मालकीत उरलेली नाहीत. रक्ताची अखंड धार वगैरे काही नाही. निवड आहे, खरेदी आहे, थोडी दत्तकासारखी सोय आहे. घराण्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोघेही ज्याला ‘घराणं’ म्हणून डोक्यावर घेतात किंवा पायाखाली घालतात, ते बऱ्याचदा असंच जोडून-शिवून तयार केलेलं असतं.

तरीही घराण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही, तो पुरता ऐकून घ्यायला हवा. १९४९ नंतर चीनमध्ये जार्डिनच्या गिरण्या, गोदामं, बीअरचा कारखाना, सगळं गेलं. १९५४ पर्यंत पेढीने मुख्य भूमीवरून गाशा गुंडाळला. पगारी संचालक मंडळाने तिथेच हिशेब बंद करून उरलेले पैसे वाटून टाकले असते, अशी शक्यता मोठी आहे. या कुटुंबाने हाँगकाँगसारख्या निर्वासितांनी भरलेल्या, पाण्याची बोंब असलेल्या बेटावर पुन्हा डाव मांडला. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात इंडोनेशिया कोसळली, रुपियाचा कागद झाला, सुहार्तोंची सत्ता गेली. पुढच्या दोन-तीन वर्षांत, बाकीचे तिथून पळ काढत असताना, जार्डिनच्या सिंगापूरच्या कंपनीने अॅस्ट्रा या मोटार उद्योगात हिस्सा घेतला आणि पुढे वाढवत वाढवत निम्म्यावर नेला. आज समूहाच्या नफ्याचा एक मोठा खांब तो आहे. असा डाव टाकायला दहा-पंधरा वर्षं थांबण्याची ताकद लागते. ती दर तीन महिन्यांनी विश्लेषकांपुढे हजेरी लावणाऱ्या माणसाकडे सहसा नसते.

दुसरीही कबुली देतो, आणि तिच्यासाठी लांब जायला नको. आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी आठवा. कुणा घराण्याची कंपनी नव्हती ती. सरकारी विमा कंपनी, बँका आणि परदेशी संस्था भागधारक, व्यवस्थापन उच्चशिक्षित, मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. २०१८ मध्ये ती कोसळली तेव्हा डोक्यावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज होतं. सगळ्यांची कंपनी म्हणजे कुणाचीच कंपनी नाही, या म्हणण्यात तथ्य आहे. मालक नसला की साहेबच मालक होतात, आणि त्यांचं तर दहा टक्केही भांडवल नसतं.

एवढं मान्य करून पुढे जाऊ.

घराणी दूरचं बघतात, म्हणून टिकतात, असं म्हणताना आपण मोजतो कुणाला? जे टिकले त्यांना. कँटन-हाँगकाँगच्या त्याच व्यापारात डेंट आणि कंपनी होती, जार्डिनच्या तोडीची. १८६६ च्या लंडनच्या बँक-संकटानंतर वर्षभरात बुडाली. रसेल आणि कंपनी ही अमेरिकन पेढी १८९१ मध्ये बंद पडली. आणि मुंबईकरांच्या रोजच्या ओळखीचं नाव घ्यायचं तर ससून. डेव्हिड ससून बगदादहून पळून येऊन मुंबईत स्थिरावला तो साधारण त्याच सुमारास, जेव्हा जार्डिन कँटनमध्ये पाटी लावत होता. माल तोच, बाजार तोच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर ससूनांनी अफूच्या धंद्यात जार्डिनला मागे टाकलं; जार्डिनने हळूहळू त्यातून अंग काढून घेतलं, यात सदाचारापेक्षा ही हार जास्त होती. आठ मुलगे, प्रत्येक बंदरात एक, कारकुनापासून सगळे आपल्या समाजाचे. घराण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना याहून शुद्ध नमुना मिळायचा नाही. आज त्यातलं काय उरलं? कुलाब्याला मासळीचा धक्का, काळ्या घोड्याजवळचं ग्रंथालय, पुण्यातलं रुग्णालय. पेढी नाही.

ती का गेली, याची कारणं बरीच आहेत, पण एक प्रसंग मला सगळ्यांत बोलका वाटतो. १८९४ मध्ये सॉलोमन ससून वारला आणि मुंबईचा कारभार त्याच्या विधवेने, फरहाने (इंग्रजांची फ्लोरा) हातात घेतला. त्या काळात, त्या समाजात, बाईमाणसाने कापसाचे आणि अफूचे भाव ठरवायचे आणि आशियाभरच्या शाखांशी पत्रव्यवहार करायचा. तिने तो सात वर्षं केला. लंडनमध्ये सरदार-उमरावांत वावरणाऱ्या दिरांना हे झेपलं नाही. १९०१ मध्ये पेढीची मर्यादित कंपनी झाली आणि फ्लोरा बाजूला पडली. ती रक्ताचीही ससूनच होती, डेव्हिडची पणती. म्हणजे इथे रक्त कमी पडलं असंही म्हणायची सोय नाही. घरात सर्वांत कर्तबगार जे माणूस होतं त्याला घराण्यानेच घालवलं, आणि हिशेबाच्या टेबलाशी बसायला कंटाळलेली माणसं मालक म्हणून राहिली. दूरदृष्टी कुठे गेली? उलट जार्डिनकडे मुलगे नव्हते म्हणून निवडावं लागलं. त्यांच्या टिकण्यामागे घराणं आहे त्यापेक्षा घराण्याची ती सुरुवातीची अडचण जास्त आहे, असं मी म्हटलं तर खोडून काढणं सोपं जाणार नाही.

पण माझा मुख्य आक्षेप टिकण्या-बुडण्याचा नाहीच. थांबण्याची ताकद, थांबण्याची ताकद असं जे म्हणतात, ती कुणाच्या पैशावर? १९६१ मध्ये जार्डिन हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली. लोकांचा पैसा आला, कुटुंबाचा हिस्सा पातळ झाला, हुकूम मात्र पातळ होऊ द्यायचा नव्हता. १९८० मध्ये जहाजसम्राट पाओ यांनी समूहाकडून कौलूनची गोदी हिसकावून घेतली आणि आता उद्योगपती ली का-शिंग किंवा आणखी कुणी पुढचा घास घेईल, ही धास्ती बसली. त्यावर उपाय असा निघाला: जार्डिनने आपल्याच गटातल्या हाँगकाँग लँड या जमीन-इमारतींच्या कंपनीचे सुमारे ४० टक्के शेअर घ्यायचे आणि हाँगकाँग लँडने जार्डिनचे तितकेच. पुढे १९८६ मध्ये जार्डिन स्ट्रॅटेजिक नावाची कंपनी मध्ये घालून याच युक्तीला पक्कं रूप आलं. वरची कंपनी खालचीची मालकीण, आणि खालची वरचीची. आई मुलीच्या घरात राहते आणि मुलगी आईच्या, तेव्हा घरभाडं मागायला येणाऱ्याने कुठलं दार वाजवायचं? बाहेरच्या कुणी कितीही शेअर घेतले तरी निम्म्याहून अधिक मतं आतल्या आत फिरत राहणार. कुटुंबाचा स्वतःचा हिस्सा त्या मानाने थोडा, पण त्याला हात लावणं अशक्य.

याची किंमत तेव्हाच लागली. शेअर विकत घेण्यापायी दोन्ही कंपन्या कर्जात रुतल्या. त्यात हाँगकाँग लँडने १९८२ मध्ये, भाव शिखरावर असताना, मध्यवस्तीतली जमीन विक्रमी किमतीला घेतली, आणि नंतर जागांचे भाव कोसळले. जार्डिनचे मुख्याधिकारी न्यूबिगिंग गेले, सायमन केझिक आले. कुटुंबाचे समर्थक म्हणतात, पाहा, बाहेरच्याने घाण केली आणि घरच्याने निस्तरली. अहो, पण मुळात तो तटबंदीचा खर्च कशासाठी झाला होता? धंदा वाचवायला की ताबा वाचवायला? पाओ किंवा ली यांच्या हातात गेल्याने हाँगकाँग लँडच्या इमारती कोसळल्या असत्या काय? साध्या भागधारकाला कदाचित चार पैसे जास्तच मिळाले असते.

त्यानंतरचा क्रम पाहण्यासारखा आहे. मार्च १९८४ मध्ये, ब्रिटन आणि चीन यांच्यात हाँगकाँगच्या भवितव्याची बोलणी चालू असताना, जार्डिनने कंपनीचा कायदेशीर पत्ता बर्म्युडाला हलवत असल्याचं जाहीर केलं. बाजार गडगडला. चीनची भीती खरी होती; अफूच्या युद्धाशी नाव जोडलेल्या पेढीला १९९७ नंतर तिथे काय वागणूक मिळेल याची कुणाला खात्री असणार? हे कारण मी मानतो. पण बर्म्युडात या समूहासाठी कंपनी ताब्यात घेण्याबाबतचे खास नियम झाले, आणि हाँगकाँगच्या नियामकाकडे जार्डिनने मागितली ती तिथल्या अशाच नियमांतून सूट. नियामकाने नाही म्हटलं. १९९४ अखेर कंपनीने हाँगकाँगच्या बाजारातून नाव काढून घेतलं आणि आशियातले व्यवहार सिंगापूरला नेले. ज्या शहरावर दीडशे वर्षं पोसली गेली, त्याच शहराचा छोट्या भागधारकाला जपणारा नियम तिला नको होता. यात माओ कुठे येतो?

आणि मग २०२१. एकमेकींत गुंतलेल्या मालकीची गाठ अखेर सुटली, याचं स्वागत करायला हवं. माझ्यासारखे लोक तीस वर्षं हेच म्हणत होते. पण सुटली कशी? जार्डिन मॅथेसनकडे जार्डिन स्ट्रॅटेजिकचे सुमारे ८५ टक्के शेअर होते. उरलेले १५ टक्के प्रत्येकी ३३ डॉलरने, एकूण सुमारे साडेपाच अब्ज डॉलरना, घ्यायचं ठरलं. भागधारकांची मंजुरी लागते ७५ टक्क्यांची, आणि घेणाऱ्याने आपलीच ८५ टक्के मतं टाकली. मतदान झालं असं म्हणायचं. छोट्या भागधारकांनी, त्यांत मोठे गुंतवणूक फंडही होते, भाव फार कमी असल्याचं म्हणत बर्म्युडाच्या न्यायालयात धाव घेतली. तिथून एक उपप्रश्न लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे बर्म्युडासारख्या ब्रिटिश प्रदेशांच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला: कंपनीने घेतलेला वकिली सल्ला भागधारकांपासून लपवता येतो का? भागधारकांचं म्हणणं, आमच्याच पैशाने घेतलेला सल्ला आम्हाला दाखवा. जुन्या इंग्रजी निवाड्यांत त्यांच्या बाजूचा नियम होता. जुलै २०२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो नियमच मोडीत काढला. कायद्याच्या अंगाने त्या निकालाला भक्कम आधार असेलही. पण ज्यांना आपण ‘कंपनीचे मालक’ म्हणतो त्यांचा अधिकार कुठे संपतो, ते यात स्वच्छ दिसलं.

‘पाटीवर नाव असलं की जनाची लाज असते’ या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. जार्डिनचं नाव पाटीवर होतं आणि अफूच्या पेटीवरही त्याचीच खूण होती. १८४० मध्ये ग्लॅडस्टनने संसदेत या युद्धाला अन्याय्य म्हटलं, तरी पुढच्याच वर्षी जार्डिन त्याच संसदेत निवडून गेला. आपली ज्यांच्यात उठबस, त्यांच्यापुढेच माणसाला लाज वाटते. आणि अफूची लाज वाटलेली माणसंही होती. दादाभाई नौरोजी लंडनच्या कामा आणि कंपनीत भागीदार होते. पेढी अफू आणि दारूवर पैसा करते हे न पटल्याने ते बाहेर पडले. स्वजातीयांची, ओळखीपाळखीची पेढी, तरी सोडली. ती सदसद्बुद्धी पेढीच्या पाटीची नव्हती, दादाभाईंची होती.

आपल्या इतिहासात याला जवळचा एक दाखला आहे. शिवाजी महाराजांचा कटाक्ष होता की सरदाराला रोख पगार द्यावा, मुलूख तोडून देऊ नये. राजारामांच्या काळात, मोगलांशी जिवावरची झुंज चालू असताना, ते परवडलं नाही आणि सरंजाम वाटले गेले. शाहूंच्या काळापासून ते वंशपरंपरेचे होत गेले. सरंजाम मिळाला होता चाकरीसाठी, फौज ठेवण्यासाठी. पुढे चाकरी पातळ झाली, फौज कागदावर उरली, सरंजाम मात्र राहिला, कारण काढून घ्यायची ताकद कुणात उरली नव्हती. पहिले शिंदे, पहिले होळकर हे कर्तबगारीने वर आलेले लोक होते, याबद्दल वाद नाही. वाद नंतरच्या सोयीचा आहे. जार्डिनमधल्या गुंतवलेल्या शेअरांची व्यवस्था मला त्याच जातीची वाटते. मुळात संकटातून निघायला म्हणून केलेली आणि संकट टळल्यावर चाळीस वर्षं तशीच ठेवलेली.

हे सगळं मनात ठेवून आपल्याकडच्या वादाकडे या. कोटक समितीच्या शिफारशीवरून सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, नियम केला होता, की पहिल्या ५०० नोंदणीकृत कंपन्यांत अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक वेगळे असावेत आणि ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत. एप्रिल २०२० ची मुदत दोन वर्षं पुढे गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम ऐच्छिक झाला. उद्योगपतींनी सेबीला वाकवलं म्हणून बरीच आरडाओरड झाली. मला त्या नियमाचं फारसं दुःख नाही. तो नातं मोजत होता. बापाऐवजी बापाचा जुना मित्र अध्यक्ष झाला असता आणि सगळं तसंच चाललं असतं. दुसरे दोन नियम मात्र मला कितीतरी मोलाचे वाटतात, आणि त्यांवर कुणी लेख लिहीत नाही. एक, प्रवर्तकाच्या (म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या घराण्याच्या) हितसंबंधातल्या मोठ्या व्यवहारांना मंजुरी देताना त्याची स्वतःची मतं बाजूला ठेवतात. दुसरा, कंपनी बाजारातून काढायची तर बाहेरच्या भागधारकांची होकाराची मतं नकाराच्या किमान दुप्पट लागतात, आणि पुढे पुरेसे शेअर त्यांच्याकडून स्वखुशीने यावे लागतात. २०२० मध्ये अनिल अगरवालांना वेदांत ही आपली खाण कंपनी बाजारातून काढायची होती. शेअर पुरेसे आले नाहीत, बेत फसला. हाच नियम बर्म्युडात असता तर ३३ डॉलरचं काय झालं असतं?

आणि झी. सप्टेंबर २०२१ मध्ये इन्व्हेस्को या परदेशी गुंतवणूकदाराने, ज्याच्या गटाकडे सुमारे १८ टक्के शेअर होते, झी एंटरटेन्मेंटचे व्यवस्थापकीय संचालक, संस्थापक कुटुंबातले पुनीत गोएंका यांना काढायला भागधारकांची सभा मागितली. संस्थापक कुटुंबाकडे होते जेमतेम चार टक्के. संचालक मंडळाने सभा घ्यायचं नाकारलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, खंडपीठाने मार्च २०२२ मध्ये इन्व्हेस्कोच्या बाजूने कौल दिला, पण तोवर हवा बदलली होती आणि इन्व्हेस्कोने माघार घेतली. आमच्यातले बरेच जण त्या वेळी ‘परदेशी विरुद्ध देशी’ असा झेंडा घेऊन उभे राहिले. अरे, चार टक्के! हिशेब मांडायला झेंडा कशाला लागतो? पुढची गोष्ट मात्र कमी लोकांनी वाचली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोएंका यांची संचालकपदी फेरनेमणूक भागधारकांनी मतदानात हाणून पाडली. जुलै २०२५ मध्ये प्रवर्तकांना वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क) देऊन त्यांचा हिस्सा १८ टक्क्यांच्या पुढे नेण्याचा ठराव आला. त्याला हवी होती ७५ टक्के मतं, पडली साठच्या आसपास. कुटुंब अजूनही कारभारात आहे, गोएंका मुख्याधिकारी आहेत, आणि त्यांनी तो उत्तम चालवला तर मला आनंदच आहे. पण त्यांना विचारावं लागतं आणि विचारल्यावर ‘नाही’ हे उत्तर येऊ शकतं.

टाटांच्या बाबतीत हा मापदंड लावला की प्रकरण जरा अवघड होतं, आणि ते तसं होऊ द्यायला हवं. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर धर्मादाय न्यासांकडे आहेत. तिथे खासगी पोट भरत नाही, हा फरक लहान नाही. पण विश्वस्तांना नेमतं कोण? विश्वस्तच. शापूरजी पालनजी गटाचा हिस्सा १८ टक्क्यांहून अधिक, त्यात त्यांचं स्वतःचं भांडवल अडकलेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालाने ठरलं की त्यापोटी संचालक मंडळात जागा मागायचा हक्क नाही. हुकूम चालवणाऱ्यांचं भांडवल जवळजवळ शून्य आणि हेतू लोककल्याणाचा, अशा वेळी कुणाला उत्तर द्यायचं? रतन टाटा होते तोवर हा प्रश्न त्यांच्या प्रतिष्ठेखाली झाकलेला राहिला. ऑक्टोबर २०२४ नंतर वर्षभरात विश्वस्तांमधले मतभेद वर्तमानपत्रांत आले, ते काही योगायोगाने नाही.

हाँगकाँगकडे परत जायचं तर, २०२५ मध्ये जार्डिन मॅथेसनने लिंकन पॅन यांची मुख्याधिकारी म्हणून नेमणूक जाहीर केली. पॅन पीएजी या गुंतवणूक संस्थेतून आले. घराण्याशी नातं नाही. आर्थिक वृत्तपत्रांनी याचं वर्णन ‘घराणं व्यावसायिकतेकडे वळलं’ असं केलं, आणि आपल्याकडच्या पहिल्या फडाने हे ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. न्यूबिगिंगही घराण्याबाहेरचेच होते. पॅन यांचं काम बिघडलं तर त्यांना घरी कोण पाठवणार, हे जार्डिनच्या प्रत्येक भागधारकाला ठाऊक आहे. अध्यक्षपदी बेन केझिक आहेत. त्यांचं काम बिघडलं तर काय, हा प्रश्न भागधारकांच्या सभेत विचारता येतो. उत्तराचं बंधन कुणावर नाही.